निळ्या दोऱ्याचा मासा

जयवंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशकात मुलीकडे होते, तिच्या येणाऱ्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू वळत. फोन तिच्या शेजारणीचा. बाई रडत सांगत होती, की सकाळी दवाखान्यातच गेली, दम लागला, नर्स धावत आली, पण तोवर... मी ते सगळं ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, की तिच्या गळ्यातली किल्ली कुणाकडे आहे? शेजारीण रडायची थांबली. काय म्हणालात, असं तिने पुन्हा विचारलं. माझी मुलगीही माझ्याकडे बघत राहिली. आता लोक काय समजायचं ते समजले असतील. मैत्रिणीची राख थंड व्हायच्या आत तिच्या कपाटावर डोळा ठेवणारी बाई. समजोत. रडू मला नंतर आलं, लाडवांचं ताट बाजूला सारल्यावर, आणि मग ते आवरेना. पण आधी किल्लीच आठवली. ती का आठवली, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

मी एसटीत कंडक्टर होते. पालघरहून बोईसरला जाणारी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे असायची. जयवंतीचं माहेर दातिवऱ्याचं. भावाची होडी. तिथून सुके बोंबील आणि जवळा घेऊन ती पालघरला यायची आणि पुढे माझ्या गाडीने बोईसरच्या बाजाराला जायची. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. गाडीत ऑफिसला जाणारी माणसं, त्यांनी नाकाला रुमाल लावले आणि माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, टोपली टपावर टाक. ती म्हणाली, "टाकते ना. पन मग मी पन टपावरच बसनार. माझं तिकीट अर्धं फाड." गाडी हसली. मी चिडले. "अगं, लोकांना वास येतोय." तर तिने टोपलीत नाक घालून हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाली, "कंडक्टरबाय, मला तर कसलाच वास येत नाय." मला वाटलं, उलट बोलते आहे. पुढे कळलं, की ते अक्षरशः खरं होतं. लहानपणी मोठा ताप येऊन गेला त्यात तिचं नाक गेलं ते गेलंच. दूध नासलंय, गॅस चालू राहिलाय, काही कळायचं नाही. मी तिला त्यावरून किती चिडवलंय. सुकटवालीला यापेक्षा मोठं वरदान ते कोणतं, म्हणायचे. ती हसायची. तेव्हा आम्ही दोघीही हसायचो.

तिचं सासर घिवलीचं. नवरा लवकर गेला आणि ती मुलाला, नितेशला, घेऊन बोईसरमध्ये चाळीत राहायला आली. पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये स्वयंपाकाची जागा. बाजारातून परत येताना स्टेशनच्या बाहेर, पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पडलेली माणसं तिला दिसायची. बोईसरमध्ये अशी माणसं कायमच असतात. ठेकेदाराने काम बंद केलं की खोली जाते, खोली गेली की गावाला जायचं तोंड राहत नाही, आणि मग माणूस स्टेशनला धरून राहतो. डोंगराकडून मजुरीला उतरलेली कुटुंबंही असतात, पोराबाळांसकट. जयवंती आधी आपल्या जेवणातलं नेऊन द्यायची. मग वेगळा भात लावायला लागली. मी निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून तिच्यामागे जायला लागले, आणि हळूहळू दिवेलागणीला पातेलं घेऊन निघणं हा आमचा धर्मच झाला. संस्था नाही, पाटी नाही. एकदा एक मंडळवाला फोटो काढायला आला तर ती त्याला म्हणाली, "आधी तू त्यांच्या पंगतीला बस, जेव, मग तुझा पन काढू." तो परत आला नाही.

तिचे काही नियम होते आणि त्यांत सूट नव्हती. भात वाढण्याआधी आपण घास खायचा. पुलाखाली रामसरन नावाचे एक म्हातारे होते, उत्तरेकडचे, मासळी न खाणारे, त्यांच्यासाठी वेगळं भांडं आणि वेगळा डाव. आणि थंडीसाठी जी पांघरुणं शिवायची, त्यातलं प्रत्येक पांघरूण द्यायच्या आधी एक रात्र स्वतः अंगावर घ्यायचं. "आपल्याला टोचलं तर त्याला नाय टोचनार?" एवढंच तिचं म्हणणं. पांघरुणं ती जुन्या साड्या, चादरी, जे कुणी देईल त्याची शिवायची, आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोऱ्याने एक लहानसा मासा काढायची. चार टाके आणि शेपूट. ती त्यांच्या घरच्या होडीची खूण. दातिवऱ्याला प्रत्येकाच्या जाळ्याला अशी आपापली खूण असते. वादळात जाळं तुटून वाहून गेलं आणि दुसऱ्या गावच्या माणसाला सापडलं, तर खूण बघून तो ते परत पोचवतो. मी तिला विचारलं होतं, दान केलेल्या पांघरुणाला खूण कशाला, परत थोडंच घ्यायचंय? ती म्हणाली, "खून असली म्हनजे आपलं हाय ते आपन विसरत नाय." तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

गेल्या थंडीच्या आधीची गोष्ट. जुन्या साड्या कमी पडत होत्या. मतलई वारा लवकर सुरू झाला होता, पहाटे जमिनीकडून येणारा तो वारा पुलाखाली अगदी हाडात शिरतो. नितेश एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. आईची धडपड तो बघत होता. एका ठेकेदाराकडून त्याने जाड, राखाडी, लोकरीसारखं कापड आणलं, गठ्ठेच्या गठ्ठे. कंपन्यांमध्ये गाळणीला लावतात ते फिल्टरचं कापड. ठेकेदाराने सांगितलं, कोरं आहे, नुसतं पडून पडून रंग गेलाय, न्या आईसाठी. नितेशच्या तोंडावरचा आनंद मला अजून दिसतो. गठ्ठे उतरवत तो म्हणाला होता, "आई, आता तुझी माणसं कुडकुडनार नाय." जयवंतीने कापडावर हात फिरवला आणि म्हणाली, "कसं ऊबदार हाय बघ." मला त्याला किंचित गोडसर, औषधी वास आला आणि मी तसं म्हटलं. पण बोईसरमध्ये वासाचं काय सांगावं? इथे ज्या दिवशी हवेला वास येत नाही त्या दिवशी लोक विचारतात, आज कंपन्या बंद आहेत का? तरी जयवंतीने माझ्या नाकाचा मान राखला. कापड सोड्याच्या पाण्यात भिजवलं. पाणी पिवळं झालं. ओतलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिवळं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती धूत राहिली, मग उन्हात वाळवलं आणि शिवायला घेतलं. दोरा दातांनी तोडायची तिची सवय. कातर बाजूलाच असायची.

त्या हिवाळ्यात प्रत्येकाच्या अंगावर निळा मासा होता. पुलाखालून जाताना ते बघून बरं वाटायचं. एकच गोष्ट मला खटकली, आणि तीही तेव्हा नुसती गंमत वाटली. रामसरनजींजवळ एक पिवळा कुत्रा झोपायचा, वर्षानुवर्षं, त्यांच्या पायांत मुटकुळं करून. नवं पांघरूण आल्यापासून तो लांब, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर झोपायला लागला. रामसरनजी त्याला हाका मारायचे. तो उठून उभा राहायचा, शेपूट हलवायचा, पण जवळ यायचा नाही. "बड़ा आदमी हो गया है," रामसरनजी म्हणायचे. आम्ही हसलो आणि पातेलं पुढच्या पायरीकडे नेलं.

मग जयवंतीच्या हातांना खाज सुटली. कोपरापर्यंत कातडी लाल. ती म्हणाली, मिठाचं पाणी, दुसरं काय. खोकलाही लागला. थंडी आहे, लागणारच. एकदा आम्ही वाढत असताना रामसरनजींनी मान वर केली आणि मला त्यांचा गळा दिसला. पांघरुणाची कड जिथे हनुवटीखाली येते, बरोबर तेवढ्या पट्ट्यात कातडी सोलून निघाली होती. मी त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, जयवंतीही आली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने गळा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाबा, कौनसी कंपनी में काम करते हो?" रामसरनजी म्हणाले, कंपनीचं तोंड बघून बरीच वर्षं झाली. डॉक्टरला पटेना. म्हणाली, असं अंगावर उठतं ते कंपनीतल्याच माणसांना, मी रोज बघते. "रात को क्या ओढ़ते हो?" जयवंती माझ्या शेजारी उभी होती. तिने आपल्या साडीचा पदर हातांवर ओढून घेतला, कोपरापर्यंत. डॉक्टरने ते बघितलं. मग तिने तिलाही स्टुलावर बसवलं.

बाहेर आल्यावर जयवंती दवाखान्याच्या कट्ट्यावर बसली ती उठेना. मी म्हटलं, अगं, नक्की थोडंच आहे? ती म्हणाली, "कुत्र्याला कळलं, कंडक्टरबाय. कुत्र्याला कळलं आनि मला नाय कळलं."  थोड्या वेळाने पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, सगळी परत आणायची.

देणं सोपं असतं. परत मागणं काय असतं ते मी त्या दिवसांत बघितलं. थंडी अजून सरली नव्हती. कापड कंपनीत वापरलेलं आहे, त्यात रसायन मुरलंय, असं लोकांना सांगितलं तर ते विश्वास ठेवेनात, आणि ठेवला असता तर आमच्या भातावरचाही विश्वास उडाला असता. काही जण पांघरूण घट्ट धरून बसले. एकाने शिवी दिली. रामसरनजींनीसुद्धा, गळ्याला मलम लावलेलं असताना, पांघरूण पाठीमागे दडवलं आणि म्हणाले, "अम्मा, देकर कोई वापस लेता है क्या?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने एक पद्धत काढली आणि ती शेवटपर्यंत मोडली नाही. आधी नवं अंगावर घालायचं, नीट, पायापर्यंत. मग खालून जुनं अलगद ओढून घ्यायचं. कुणालाही क्षणभरसुद्धा उघडं करायचं नाही. मी एकदा घाईत आधी जुनं उचललं तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "आदी घालायचं, मग काडायचं. तो काय आपला गुन्हेगार हाय?" नव्यांसाठी तिने आपल्या घरातल्या चादरी संपवल्या, मी माझ्या संपवल्या, मग मी आगारातल्या जुन्या मैत्रिणींकडे दारोदार गेले.

जमा होत गेली ती पांघरुणं तिच्या मागच्या खोलीत. आणि इथे खरा पेच पडला. त्यांचं करायचं काय? कचऱ्याच्या गाडीत टाकावीत, तर गाडी जिथे रिकामी होते तिथे वेचणारी माणसं असतात, ती आधी तीच उचलतील. जयवंतीने परसात एकाचा कोपरा पेटवून बघितला. काळा, चिकट धूर निघाला, शेजारचं बाळ खोकायला लागलं, तिने धावत पाणी ओतलं. खाडीत सोडावीत? "वैतरन्याच्या खाडीत टाकलं तर कुठं जाईल? माझ्या भावाच्या जाळ्यात येईल. वर आपली खून बघून तो मलाच परत आनून देईल," ती म्हणाली आणि स्वतःच हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. मी एका कचेरीत जाऊन आले. कंपन्यांचा असला कचरा जिथे नेतात तिथे हा द्यायचा कसा, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, तो कंपनीकडून यावा लागतो, घरातून येत नाही. मी म्हटलं, साहेब, आता आलाय घरातून, काय करू? त्यांनी पंखा वाढवला. मग जयवंतीनेच ठरवलं. सगळी धुऊन, घड्या घालून, दोरीने बांधून मागच्या खोलीत ठेवायची, कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या गळ्यात. निळ्या दोऱ्यातच ओवून घातली तिने. "माझ्या घरात हायत तोवर कुनाच्या अंगावर नायत," ती म्हणाली.

नितेशला मात्र तिने सांगितलं नाही. मी भांडले, एकदा नाही, अनेकदा. तिचं उत्तर ठरलेलं. "त्यानं मायेनं आनलं. कसं सांगू?" त्याला तिने सांगितलं होतं, की पांघरुणांचे टाके उसवलेत, ते घालून पुढच्या थंडीला पुन्हा देईन. ती म्हणाली, कापड ठेवायला नीट जागा मिळू दे, मग मीच सांगते. पावसाळ्यात त्या खोलीच्या दाराखालून वास यायला लागला, ओलसर, गोड. मला उंबऱ्यात पाय टाकवेना. तिला काही कळत नव्हतं. दाराच्या अलीकडे, स्वयंपाकाच्या जागेत ती अंथरूण घालून झोपायची, राखण केल्यासारखी. नितेशची रात्रपाळी असायची. तो म्हणाला, ती खोली भाड्याने देऊ, कंपनीतला एक मुलगा विचारतोय. ती त्याच्यावर एवढी ओरडली, की त्या बिचाऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही. तिचा खोकला वाढत होता. चार पावलं चालली की दम. डॉक्टरांनी फुप्फुसांचं काही नाव लिहून दिलं. ते त्या कापडानेच झालं असं मी म्हणणार नाही, मी जन्मभर तिकिटं फाडली, मला काय कळतं? एवढंच मला माहीत आहे, की बाकीच्यांनी एकेक पांघरूण घेतलं होतं आणि तिने सगळी. एकेक रात्र, एकामागून एक.

दिवाळी झाली आणि मुलीच्या बाळंतपणासाठी मी नाशकाला निघाले. आदल्या दिवशी तिला भेटायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन शब्दांनंतर थांबत होती. मी म्हटलं, मी आले की आपण दोघी मिळून नितेशला सांगू. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, "सुकरीचं रायलंय." सुकरी म्हणजे डोंगराकडून आलेली एक बाई, कडेवर तान्हं मूल. तिचं पांघरूण परत घ्यायच्या आतच ते कुटुंब काम संपलं म्हणून निघून गेलं होतं, कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. जयवंतीच्या डोक्यातून ते मूल जात नव्हतं. निघताना तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येतेच गं. आमची ती शेवटची भेट.

फोननंतर मी नितेशला फोन लावला. मागे माणसांचा गलका, गाडी स्मशानाकडे निघायची होती. मी म्हटलं, बाळा, आईच्या गळ्यातली किल्ली जपून ठेव, मी येईपर्यंत. तो हुंदके देत म्हणाला, "हो मावशी, माझ्याजवळ हाय." ज्या मुलाच्या खांद्यावर आई आहे त्याला फोनवर याहून जास्त काय सांगायचं असतं? मी लगेच निघणार होते. त्याच रात्री मुलीला कळा सुरू झाल्या, अवघड गेलं, तिला आणि बाळाला सोडून निघता येईना. मी रोज नितेशला फोन करत होते, कारण मात्र भेटल्यावरच सांगणार होते. किल्ली आहे ना? आहे, मावशी. खोलीला कुलूप आहे ना? आहे.

मी पोचले ती बाराव्याला, दुपार कलल्यावर. चाळीपुढे मांडव, खुर्च्या, घिवलीची माणसं, दातिवऱ्याची माणसं. आत गेले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. फरशी पुसलेली, अजून ओली. कोपऱ्यात उदबत्ती. खोली रिकामी.

नितेश पाण्याचा ग्लास घेऊन आला. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला, पण त्या चेहऱ्यावर कुठेतरी समाधान होतं. म्हणाला, "मावशी, सकाळीच वाटून आलो. काका म्हनाले, बाराव्याला आईच्या हातचं दान होऊ दे. आईनं बघ कशी धुऊन, बांधून तयार ठेवली होती. पुढच्या थंडीला देनार, म्हनाली होती ना. बोईसर स्टेशन केलं, पालघर केलं, थोडी वैतरन्याला पन दिली. लोक पाया पडत होते, मावशी. तिच्या नावानं."

मी खाली बसले. त्याला वाटलं, प्रवासाने. माझ्या डोळ्यांपुढे ती होती, दाराच्या अलीकडे अंथरूण घालून राखण करणारी, आणि तिच्या पोराने तिच्यावरच्या मायेने ते दार उघडलं होतं. पानं वाढली जात होती. मी त्याला मांडवाच्या मागे नेलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, कापड कुठलं तेही. मध्ये त्याने एकदाच विचारलं, "आईला माहीत होतं?" मी हो म्हटलं. "म्हनून ती ओरडली माझ्यावर..." तो एवढंच बोलला आणि पाया पडायला आलेल्या लोकांमधून वाट काढत, भादरलेल्या डोक्याने, तसाच अनवाणी स्टेशनकडे चालत सुटला. मी मागून चपला घेऊन धावले.

त्या दिवसापासून आम्ही गोळा करतो आहोत. त्याच्या पाळीप्रमाणे कधी सकाळी, कधी संध्याकाळी. तो फारसं बोलत नाही. पण पद्धत त्याला एकदाच सांगावी लागली. रामसरनजींनी तर या वेळी स्वतःच आवाज दिला. बाराव्याच्या सकाळी नितेशने मोठ्या मानाने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं होतं, ते त्यांनी तो गेल्यावर घडी घालून बाजूला ठेवलं होतं आणि नुसते बसून राहिले होते. म्हणाले, "अम्मा ने इतने प्यार से वापस लिया था. हमने सोचा, कुछ तो बात होगी." कुत्रा त्यांच्या पायाशी होता. बोईसरची बहुतेक मिळाली. पालघरची काही मिळाली. पण ज्यांना दिली ती माणसं एका जागी राहणारी नाहीत. कुणी वीटभट्टीवर गेलं, कुणी गाडीत बसून गुजरातकडे, आणि वैतरण्याला कोणाला दिली ते नितेशला आठवतच नाही. तो डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करतो. तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही.

परत आलेली पुन्हा मागच्या खोलीतच जातात. दुसरी जागा अजून मिळालेली नाही, कचेरीत माझ्या फेऱ्या चालू आहेत, पंखाही चालू आहे. किल्ली नितेशच्या गळ्यात असते, त्याच निळ्या दोऱ्यात. नवी पांघरुणं येतात ती तो आधी एक रात्र स्वतः अंगावर घेतो. मी म्हटलं, अरे, ही दुकानातून आणलीत. तो म्हणाला, "असू दे."

हे तुम्ही वाचत असाल तेव्हा थंडी चांगलीच पडलेली असेल. म्हणून जयवंतीबद्दल चार शब्द लिहायच्या निमित्ताने एक काम सांगते, नितेशला विचारूनच सांगते आहे. स्टेशनवर, एखाद्या पुलाखाली, भट्टीवर, तुमच्या दुकानाच्या पायरीवर कुणी जाड, राखाडी पांघरूण घेऊन झोपलेलं दिसलं, तर कोपरा बघा. निळ्या दोऱ्याचा मासा असेल, चार टाके आणि शेपूट. कडेवर मूल असलेली सुकरी नावाची बाई दिसली तर नक्कीच बघा. ते पांघरूण राहू देऊ नका. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. घरातली एखादी चादर, शाल, काहीही बरोबर न्या. आधी ती अंगावर घाला, पायापर्यंत, आणि मगच जुनं खालून काढा.